आर6 साठी बॅटरी: ओरिजिनल, लोकल आणि ‘डुप्लिकेट ओरिजिनल’

प्रश्न थोडक्यात असा आहे की सेकंडहँड कॅनन आर6 कॅमेरा घेतलाय, सोबत एकच बॅटरी आली, घरात आधीच्या ५डी मार्क ३ कॅमेऱ्याच्या जुन्या एलपी-ई6 बॅटऱ्या पडून आहेत, आणि तुळशीचं लग्न झालं की लग्नाच्या फोटोंच्या ऑर्डर सुरू. तर ओरिजिनल घ्यायच्या, का ऑनलाइन दिसतात त्या २९०० एमएएचवाल्या (एमएएच म्हणजे बॅटरीत किती चार्ज मावतो तो आकडा) स्वस्तातल्या, का जुन्यांवरच भागवायचं, आणि दुसऱ्या कंपनीच्या बॅटरीने वॉरंटी जाते का. खाली दोघातिघांनी ‘ओरिजिनलच घे’ आणि ‘काही फरक पडत नाही भावा’ अशी दोन टोकाची उत्तरं दिलीत, आणि दोन्ही अर्धवट आहेत म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिलं म्हणजे बाजारात ओरिजिनल आणि लोकल असे दोन प्रकार नाहीत, तीन आहेत. एक कंपनीची बॅटरी. दुसरी थर्ड पार्टी, म्हणजे जी उघड स्वतःच्या नावाने विकली जाते, आपल्याकडे डिजिटेक, सिम्पेक्स, बाहेरची स्मॉलरिग, नाईटकोर वगैरे. आणि तिसरी म्हणजे कॅननचंच नाव, कॅननसारखाच बॉक्स, आत भलतंच काहीतरी. आपण दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकाराला एकाच पिशवीत टाकून ‘लोकल’ म्हणतो आणि तिथेच घोळ होतो. स्वतःचं नाव लावणाऱ्याला निदान बॅटरी परत आली तर बदलून द्यावी लागते. दुसऱ्याचं नाव चोरणाऱ्याला कशाचीच पडलेली नसते, आत जुने काढलेले सेल असले तरी तुला कळायला मार्ग नाही. त्यामुळे माझं मत स्पष्ट आहे, थर्ड पार्टी विचार करून घ्यायला हरकत नाही, पण ‘ओरिजिनल आहे, अर्ध्या किमतीत देतो’ ही कधीच घेऊ नकोस.

आता तुझ्या जुन्या एलपी-ई6 चं. कॅननने हा आकार २००८ मध्ये ५डी मार्क २ बरोबर आणला आणि सुदैवाने इतकी वर्षं तोच ठेवला, म्हणून त्या आर6 मध्ये बसतात आणि चालतात. पण आतला माल बदलत गेला. पहिली एलपी-ई6 १८०० एमएएचची, मग २०१४ मध्ये ७डी मार्क २ बरोबर आली ती एलपी-ई6एन १८६५ ची, आणि २०२० मध्ये आर5, आर6 बरोबर एलपी-ई6एनएच, २१३० ची. आर6 ला एनएच दिली तर मेकॅनिकल शटरवर सेकंदाला १२ फ्रेमचा पूर्ण स्पीड मिळतो आणि स्क्रीनवर एच प्लसचं (सगळ्यात वेगवान सलग शूटिंगचं) चिन्ह हिरवं दिसतं. जुनी बॅटरी टाकली की हा स्पीड खाली येतो, आणि एनएच असली तरी चार्ज बराच उतरला किंवा बाहेर गारठा असला तरी खाली येतो. म्हणजे बॉडी (कॅमेरा) खराब नाही हां, नवीन लोक इथे घाबरून सर्व्हिस सेंटरला पळतात. दुसरं, यूएसबीने बॉडीतच चार्ज करायची सोय एन आणि एनएच ला आहे, पहिल्या एलपी-ई6 ला नाही.

आणि वय. ५डी मार्क ३ च्या जमान्यातल्या असतील तर बॅटऱ्या किती थकल्यात ते अंदाजाने सांगता येणार नाही, पण बघता येतं. कॅननच्या मेनूमध्ये बॅटरी इन्फो उघड, तिथे रिचार्ज परफॉर्मन्सला तीन हिरव्या पट्ट्या असतील तर ठणठणीत, दोन असतील तर थोडी थकलेली, एकच लाल असेल तर तिला नारळ दे. ५डी मार्क ३ अजून घरात असेल तर तिथे सहापर्यंत बॅटऱ्या रजिस्टर करून प्रत्येकीचा हिशोबही ठेवता येतो. निकॉनवाल्यांना हेच ० ते ४ अशा आकड्यात दिसतं, ० म्हणजे नवीन आणि ४ म्हणजे संपली.

डीएसएलआरवरून (५डी मार्क ३ सारखा आत आरसा असलेला कॅमेरा) मिररलेसवर (आर6 सारखा बिनआरशाचा) येणाऱ्या प्रत्येकाला बसणारा धक्का तुलाही बसणार आहे. ५डी मार्क ३ ला कंपनीच्या रेटिंगप्रमाणे एका चार्जमध्ये साधारण ९५० फोटो, निकॉन डी८५० ला तर १८४०. मिररलेसमध्ये तू डोळा लावून नुसता उभा असलास तरी सेन्सर, प्रोसेसर आणि व्ह्यूफाइंडर सगळं चालू असतं, त्यामुळे व्ह्यूफाइंडरवर शूट केलंस तर आकडा निम्म्याच्याही खाली येतो. प्रत्यक्षात लग्नात बर्स्ट (बटण धरून सलग फोटो) मारतो म्हणून फोटो जास्त निघतात, पण हिशोब फोटोंचा करायचाच नाही, बॉडी किती तास चालू राहते त्याचा करायचा. हळद, लग्न, रिसेप्शन एकाच दिवशी असेल तर एका बॉडीला चार चांगल्या बॅटऱ्या धर, व्हिडिओ असेल तर जास्त.

आता २९०० एमएएचवाली. यासाठी एक साधं गणित सांगतो, दुकानात उभ्या उभ्या मोबाईलवर करता येतं. बॅटरीवर व्होल्ट, एमएएच आणि वॉट-अवर असे तीन आकडे छापलेले असतात. व्होल्ट गुणिले एमएएच भागिले हजार, की वॉट-अवर आला पाहिजे. सोनीची एनपी-एफझेड१०० घे, ७.२ व्होल्ट, २२८० एमएएच, गुणाकार १६.४, आणि लेबलवरही १६.४ च आहे. आता ती स्वस्तातली बघ, समोर मोठ्या अक्षरात २९००, आणि मागे बारीक अक्षरात १५ वॉट-अवर. १५ ला ७.२ ने भाग, २०८३ येतात. म्हणजे पुढचा आकडा गिऱ्हाइकासाठी आणि मागचा विमानतळावरच्या माणसासाठी, तिथे वॉट-अवर बघतात. कधीकधी मागेही २१ वॉट-अवर छापलेला असतो, मग स्वतःलाच विचार की त्याच डबीत, तेवढ्याच दोन सेलमध्ये कॅनन २१३० भरतं आणि हा कोणीतरी पाव किमतीत २९०० कसा भरतो. वजनही बघायचं, एफझेड१०० ८३ ग्रॅमची आहे, स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर सोनीवाल्याची ‘ओरिजिनल’ ६० च्या आसपास भरली तर पुढे बोलायलाच नको.

पण खरं दुखणं कपॅसिटीचं नाहीच. कमी कपॅसिटीची बॅटरी लवकर संपेल, तू दुसरी टाकशील, विषय संपला. खरा त्रास होतो तो खोटं बोलणाऱ्या बॅटरीचा. एका ऑर्डरला भाड्याने घेतलेल्या सेकंड शूटरच्या बॉडीत अशीच एक होती. मंगलाष्टकं संपत आली, भटजींनी ‘तदेव लग्नं’ सुरू केलं, स्क्रीनवर ४३ टक्के, पोरानं अंतरपाट खाली जाताना बर्स्ट धरला आणि बॉडी गप्पकन बंद. परत ऑन केली तर परत ४३ टक्के! त्याला वाटलं कॅमेरा गेला. कॅमेरा ठीक होता. होतं काय की या बॅटरीत दोन सेल एकापुढे एक जोडलेले असतात, पूर्ण भरल्यावर दोन्ही मिळून ८.४ व्होल्ट. सेल हलक्या दर्जाचे किंवा म्हातारे असले की त्यांचा आतला रेझिस्टन्स वाढतो, आणि बॉडीने एकदम जास्त करंट मागितला, म्हणजे शटर, फोकस मोटर, स्टॅबिलायझर सगळं एकाच वेळी, की व्होल्टेज दणकन खाली बसतं. बॉडीला वाटतं बॅटरी संपली, ती स्वतःला बंद करून घेते. लोड गेला की व्होल्टेज परत वर, म्हणून पुन्हा टक्के दिसतात. घरी टेबलावर एकेक फोटो काढून तपासलंस तर ही बॅटरी शंभर नंबरी वाटेल. बरं, त्यात टक्के सांगणारी चिप वेगळी आणि सेल वेगळे, स्वस्त मालात चिपला आत काय चाललंय याचा पत्ता नसतो.

म्हणून नवीन थर्ड पार्टी बॅटरी घेतलीस की ऑर्डरला न्यायच्या आधी घरी अशी तपास. आधी बॉडीत सरकवून बघ, सहज जाते का, लॅच अडकतंय का, उलटी धरून दरवाजा उघडला तर नुसत्या बोटाने बाहेर येते का. घट्ट बसणारी बॅटरी त्याच दिवशी परत कर, गरम झाल्यावर ती अजून घट्ट होणार. मग कॅननच्याच एलसी-ई6 चार्जरला लाव. त्याचा केशरी दिवा आधी एकेकदा लुकलुकतो, निम्म्याच्या वर गेल्यावर दोनदोनदा, पाऊणच्या पुढे तीनतीनदा आणि भरली की हिरवा. पूर्ण रिकामी बॅटरी भरायला अडीच-तीन तास लागतात. अर्ध्या तासात हिरवा लागला तर एकतर ती आधीच भरलेली होती किंवा आत जागाच नाही. काही थर्ड पार्टी ओरिजिनल चार्जरवर घेतच नाहीत, दिवा भराभर लुकलुकत राहतो, ती पण परत.

मग ट्रायपॉडवर बॉडी लावून फुल एचडी व्हिडिओ चालू ठेव, फोरके नको, आर6 गरम होऊन बंद पडली तर तुला वाटेल बॅटरी गेली. आर6 मध्ये रेकॉर्डिंग २९ मिनिटं ५९ सेकंदांनी आपोआप थांबतं, त्यामुळे दर अर्ध्या तासाला उठून परत चालू करावं लागेल, टीव्हीवर मॅच असेल तो दिवस निवड. एकदा ओरिजिनलवर, एकदा नवीनवर, तेच लेन्स, तीच ब्राइटनेस. वेळ लिहून ठेव आणि बंद पडायच्या आधी किती टक्के दाखवत होती तेही लिही. ओरिजिनलच्या ८०-८५ टक्के वेळ चालली आणि टक्के सरळ उतरत शून्याकडे गेले तर बॅटरी कामाची आहे. ३० वरून एकदम बंद झाली तर कितीही वेळ चालली असली तरी नको. शेवटी निम्म्या चार्जवर भराभर बर्स्ट मारून बघ, मघाशी सांगितलं ते दुखणं इथेच बाहेर येतं.

बॉडीने ‘बॅटरीशी संपर्क होत नाही, बॅटरीवर कॅननचा लोगो आहे का’ असं काही विचारलं तर घाबरू नकोस, थर्ड पार्टीवर ते येतं, पुढे जायला सांगितलं तर चालते पण टक्के नीट दिसतीलच असं नाही. ऑर्डरच्या दिवशी टक्के न दिसणारी बॅटरी म्हणजे पेट्रोलचा काटा बंद असलेली गाडी, मी तरी नेत नाही. अजून एक, बॉडीचं फर्मवेअर (आतलं सॉफ्टवेअर) अपडेट केल्यावर कालपर्यंत चालणारी थर्ड पार्टी आज नाकारली जाऊ शकते. त्यामुळे सीझनच्या मध्ये उगाच अपडेट मारू नका, आणि मारलंच तर सगळ्या बॅटऱ्या एकेक करून टाकून बघा.

वॉरंटीबद्दल विचारलंयस. सेकंडहँड बॉडी आहे त्यामुळे बहुतेक संपलेलीच असेल. नियम असा की थर्ड पार्टी बॅटरी वापरली म्हणून सरसकट वॉरंटी जात नाही, पण बिघाड त्या बॅटरीमुळे झाला असं ठरलं तर कंपनी हात वर करते. फुगलेली बॅटरी आत अडकली आणि कप्पा तुटला, तर खर्च तुझा.

खरेदी करताना बघायच्या गोष्टी. भारतात विकल्या जाणाऱ्या लिथियम बॅटरीला बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरो) रजिस्ट्रेशन सक्तीचं आहे, आयएस १६०४६ या स्टँडर्डखाली, आणि लेबलवर आर ने सुरू होणारा नंबर असतो. बीआयएस केअर नावाचं सरकारी अ‍ॅप आहे त्यात तो नंबर टाकला की कोणत्या कंपनीच्या नावावर आहे ते दिसतं. नंबरच नाही किंवा भलत्याच कंपनीचा निघाला तर दुकानदाराला दाखव आणि चेहरा बघ. बॉक्सवर आयात करणाऱ्याचं नाव, पत्ता, एमआरपी, महिना-वर्ष हे असलंच पाहिजे, कायद्यानेच आहे ते. होलोग्रामवर विसंबू नकोस, तोही छापून मिळतो. मुंबईत फोर्टला बोरा बाजारात गेलास तर एकाच गल्लीत तिन्ही प्रकार मिळतील आणि तिन्ही ‘ओरिजिनल’ म्हणूनच मिळतील, तिथे ओळखीचा दुकानदार आणि जीएसटीचं पक्कं बिल या दोनच गोष्टी कामाच्या. बिल मागितल्यावर किंमत बदलली तर समजून जायचं. ऑनलाइन घेताना प्रॉडक्टचं नाव नाही, विकणारा कोण ते वाच, एकाच पानावर चार जण विकत असतात.

आणि ‘जुना स्टॉक’ प्रकार लक्षात ठेव. ओरिजिनल असून दोन-तीन वर्षं शोकेसमध्ये पडलेली बॅटरी पण थकलेली असू शकते. लिथियमचं म्हातारपण वापराने येतं तसंच नुसतं पडूनही येतं, उन्हात तर भराभर.

मग तुझ्यासाठी काय? मुख्य बॉडीसाठी दोन एलपी-ई6एनएच ओरिजिनल घे, असलेली एक धरून तीन होतील. मुहूर्त, सप्तपदी, वरमाला, पाठवणी हे सगळं त्यांच्यावर. दोन चांगल्या नावाच्या थर्ड पार्टी घे, वरच्या परीक्षेत पास झालेल्या, त्या डेकोरेशन, जेवणाची पंगत, ग्रुप फोटो, रिसेप्शनची रांग यासाठी, जिथे बंद पडली तर ‘एक मिनिट हां’ म्हणून बदलता येते. हल्ली काही थर्ड पार्टीत बॅटरीलाच टाइप-सी पोर्ट येतं, चार्जर विसरला तरी मोबाईलच्या केबलवर भरते, ही सोय ओरिजिनलमध्ये नाही आणि खरं सांगू तर कंपन्यांनी ही कधीच द्यायला हवी होती. पुढे आर5 मार्क २ वगैरे घ्यायचा विचार असेल तर आधीच सांगून ठेवतो, तिच्याबरोबर २०२४ मध्ये एलपी-ई6पी आली, एनएच त्यात चालते पण काही फीचर बंद राहतात, आणि पहिली एलपी-ई6 चालतच नाही.

ग्रिप (बॉडीखाली लावायचा दोन बॅटऱ्यांचा जोड) लावणार असशील तर एका वेळी जोडी एकाच जातीची आणि एकाच वयाची टाक. एक ओरिजिनल एक लोकल असली खिचडी नको.

लांबलचक कामाला, म्हणजे कीर्तनाचं लाइव्ह, तीन तासांचं गॅदरिंग, इंटरव्ह्यू, तिथे बॅटऱ्या बदलत बसूच नकोस. आर6 ला पीडीवाली (पॉवर डिलिव्हरी असलेली) पॉवर बँक चालते, ९ व्होल्ट ३ अँपिअर देणारी बघून घे, साधी मोबाईलची चालणार नाही. बॉडी चालू असताना ती फक्त पॉवर देते, आतली बॅटरी भरत नाही, आणि बॅटरी आत असावीच लागते. दुसरा मार्ग म्हणजे डमी बॅटरी, वायरवाली, अ‍ॅडॉप्टरने थेट विजेवर चालणारी, पण कार्यालयात जनरेटरवर असशील तर स्वस्त अ‍ॅडॉप्टर लावून बॉडी पणाला लावू नकोस. एलईडी लाइट आणि मॉनिटरच्या एनपी-एफ बॅटऱ्या मात्र बिनधास्त थर्ड पार्टी घे, तिथे चिपची भानगड कमी आणि लाइट बंद झाला तर फक्त अंधार होतो, फाइल करप्ट होत नाही.

सांभाळायचं कसं ते पण सांगतो, कारण निम्म्या बॅटऱ्या वापराने नाही, आपल्या सवयींनी मरतात. पहिल्यांदा आठ तास चार्ज करा हे निकेलच्या बॅटऱ्यांच्या काळातलं आहे, सोडून दे. पूर्ण संपवूनच चार्जिंगला लावायची हेही. उन्हाळ्यात गाडीच्या डिकीत बॅग ठेवून जेवायला जाऊ नका, मे महिन्यातली नागपूर-जळगावकडची डिकी बॅटरीला खाते. शूटवरून आल्या आल्या गरम बॅटरी चार्जरवर टाकू नका, तासभर थांबा. काश्मीर, मनालीला प्री-वेडिंग असेल तर स्पेअर बॅटऱ्या जॅकेटच्या आतल्या खिशात, गारठ्यात बॅटरी संपल्यासारखी वाटते, ऊब मिळाली की बरीचशी परत येते, पण गारठलेली तशीच चार्जिंगला लावायची नाही.

आणि आपला मोठा प्रॉब्लेम चातुर्मास. आषाढीपासून तुळशीच्या लग्नापर्यंत लग्नं नाहीत, बॅग कपाटावर, बॅटऱ्या एकतर शंभर टक्के भरून किंवा शेवटच्या ऑर्डरला संपल्या तशाच. दोन्ही वाईट. भरलेली ठेवली तर कपॅसिटी घटते, रिकामी ठेवली तर हळूहळू इतकी खाली जाते की आतलं सर्किट तिला बंद करून टाकतं आणि चार्जर ओळखतच नाही. साधारण निम्म्या चार्जवर, बॉडीतून काढून, कव्हर लावून, कोरड्या डब्यात ठेवायच्या, गणपतीत एकदा काढून बघायच्या. अशी मेलेली बॅटरी वायर लावून ‘जागी’ करायचे व्हिडिओ फिरतात, तसलं काही घरात करू नकोस, आग लागते. कोकणात, समुद्राकाठी काम करणाऱ्यांनी पावसाळ्यात कॉन्टॅक्ट कोरड्या सुती कपड्याने पुसत जावेत, ‘बॅटरी खराब’ म्हणून आलेल्या काही बॅटऱ्या नुसत्या पुसून चालू होतात.

त्या कव्हरची एक गंमत बहुतेकांना माहीत नसते. एलपी-ई6 च्या काळ्या कव्हरला बॅटरीच्या आकाराची छोटी खिडकी असते, एका बाजूने लावलं तर त्यातून निळा रंग दिसतो, फिरवून लावलं तर दिसत नाही. भरलेलीला निळा दिसेल असं लावायचं, संपलेलीला उलटं. घाईत कोणती भरलेली हा प्रश्नच राहत नाही, असिस्टंटलाही अंधारात सांगता येतं. सोबत प्रत्येक बॅटरीवर पांढऱ्या मार्करने नंबर आणि घेतल्याचा महिना-वर्ष लिही, म्हणजे कोणती त्रास देते ते कळतं.

विमानाने ऑर्डरला जाणार असशील तर स्पेअर बॅटऱ्या कायम केबिन बॅगेत, चेक-इनमध्ये चालत नाहीत. १०० वॉट-अवरच्या खाली परवानगी लागत नाही आणि कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या १६ च्या आसपास असतात, त्यामुळे काळजी नको, फक्त कॉन्टॅक्ट झाकलेले हवेत. सिनेमावाल्या मोठ्या व्ही-माउंट १०० ते १६० मधल्या असतील तर एअरलाइनला आधी विचारून, आणि दोनच.

फुगलेली बॅटरी मात्र एक दिवसही ठेवू नकोस. पोट हलकं वर आलंय का ते सपाट टेबलावर ठेवून बघ, गोल फिरली तर फुगलीये. ती चार्ज करायची नाही, दाबायची नाही, भोक तर अजिबात पाडायचं नाही, कॉन्टॅक्टला चिकटपट्टी लावून ई-कचरा घेणाऱ्याकडे द्यायची, ओल्या-सुक्या कचऱ्यात नाही. तुझ्या जुन्या एलपी-ई6 मधल्या ज्या दोन किंवा तीन पट्ट्या दाखवतील त्या फेकू नकोस, काही छोट्या मॉनिटरना एलपी-ई6 ची प्लेट येते, तिथे अजून एक-दोन सीझन आरामात जातील. टेस्ट केलीस की वेळ आणि टक्के दोन्ही इथे टाक, कोणत्या थर्ड पार्टीवर केलीस ते पण, बाकीच्यांना पण उपयोग होईल.